शेवटची कुंडी

चंद्रावर बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे पाण्याशी हुज्जत घालायची. तांब्यातून ओतलेलं पाणी खाली यायची घाई करत नाही, आणि एकदा अंगावर आलं की जायचं नाव घेत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पृथ्वीवरही ते तसेच धरून असतात, पण तिथं वजन जिंकतं. सोमतळ वसाहतीत वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढं, त्यामुळे इथं जिंकायची ती धरून राहायची ओढ. कुहूच्या पाठीवर पाण्याची जाड, थरथरती दुलई चढायची आणि केतकी ती तळहातानं निरपून काढायची. आधी नाकाजवळची, मग बाकीची.

दहा महिन्यांच्या कुहूला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं टबात थाप मारली. आंब्याएवढा एक थेंब सावकाश वर गेला, तितक्याच सावकाश खाली आला आणि आईच्या कपाळावर पसरला. कुहू खदाखदा हसली.

केतकी पेडणेकर वसाहतीच्या जलशाळेची प्रमुख होती, आणि कुहूला ती जलशाळेतच न्हाऊ घालायची. न्हाण्याचं पाणी तिथून थेट तपासणीला जायचं. वसाहतीतला एकूण एक थेंब तपासला जायचा. न्हाण्याचा, धुण्याचा, लघवीचा, श्वासातून निघून भिंतीवर गोठलेला. त्या पाण्यात काय काय विरघळलं आहे ते 'समतोल' नावाचा गणक मोजायचा, आणि जे गेलं ते सगळं परत आलं का, याचा मेळ दर आठवड्याला लावायचा. सोमतळ बंद डब्यासारखं होतं. बाहेरून बर्फ आणि क्वचित माणसांची ने-आण करणारं यान सोडून काही यायचं नाही, आतून काही जायचं नाही.

"झाली का आंघोळ राणीसाहेबांची?" डॉक्टर मुजावर तराजूपाळणा घेऊन आत आले. इथं साधा काटा भरवशाचा नव्हता, म्हणून बाळाला स्प्रिंगच्या पाळण्यात घालून झोका द्यायचा. झोका जितका संथ, तितकं बाळ भरीव. कुहूला तपासणीतला हा एवढाच भाग आवडायचा.

डॉक्टरांनी झोके मोजले. "वजन झकास वाढतंय."

"मग तोंड का पाडलंय, डॉक्टर?"

"तोंड माझं असंच आहे, ताई. मिरजेहून येतानाच असं होतं." मग ते स्टुलावर बसले. "पृथ्वीवरच्या वैद्यकीय समितीचं पत्र आलंय. ते म्हणतात, वजन ठीक, पण ते वजन कशाचं? या वयाचं मूल म्हणजे बहुतेक पाणीच. पाण्यानं वजन वाढतं, चरबीनं वाढतं. हाडं होतायत का, ते सांगा."

केतकीचा टॉवेल धरलेला हात थांबला. हाच प्रश्न ती रोज कुहूच्या पायांवरून तेल लावलेली बोटं फिरवताना स्वतःला विचारत होती. हाडावर भार पडला तर हाड घट्ट होतं. मोठी माणसं इथं रोज कंबरेला रबरी पट्टे बांधून धावायची, म्हणून त्यांची हाडं टिकून होती. रांगत्या पोरीला कुठले पट्टे बांधणार? चंद्रावर जन्मलेलं हे पहिलंच मूल. पडताळून पाहायला दुसरं कुणी नव्हतं. त्यात अजून एकही दात नाही.

"आपलं हाडमापन यंत्र?"

"ते मोठ्यांसाठी. हिला त्यात ठेवून बघितलं मी. यंत्र म्हणालं, आत कुणी नाही."

केतकीला हसू आलं, पण टिकलं नाही. "आणि सांगता नाही आलं तर?"

"पुढचं यान परत जाईल त्यात तुम्ही दोघी."

"हाडं खरंच कच्ची असतील, तर पृथ्वीवर उतरताना तिच्यावर एकदम सहापट भार येईल, डॉक्टर."

"ते मी त्यांना लिहिलंय."

"म्हणजे ठेवली तरी भीती, नेली तरी भीती."

"म्हणून तर कळायला हवं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पाळण्याला आणखी एक झोका दिला. तो काही तपासणीचा नव्हता.

दुपारी चक्रगृहात, पाणी आणि खत फिरवणाऱ्या यंत्रांच्या दालनात, बैठक होती. तिथला प्रश्न वेगळा होता. सोमतळातला फॉस्फरस हरवत होता.

वसाहतीच्या प्रमुख, डॉ. शकुंतला भोंसुले, साठीच्या, कडक इस्त्रीच्या. त्यांच्यासमोर हिरव्या मजल्याचे प्रमुख थोपटे भाताचं एक रोप घेऊन बसले होते. रोपाची जुनी पानं जांभळट पडली होती.

"उपासमार आहे ही," थोपटे म्हणाले. जुन्नरचा माणूस, वनस्पतिशास्त्रातला विद्वान, पण रोपांबद्दल बोलताना घरच्या पोरांबद्दल बोलावं तसा बोलायचा. "फॉस्फरस मिळंना झालाय त्यांना."

केतकीचा नवरा निनाद बर्फाच्या खाणीवर होता. त्याला यातलं फारसं कळत नव्हतं आणि ते कबूल करायला तो लाजत नसे. "मॅडम, पाणी मी हवं तेवढं आणून देतो. मग हेच एक का आणता येत नाही? आणि गळती म्हणाल, तर हवा आपली कुठून ना कुठून थोडी जातेच की."

"हवेबरोबर कार्बन जाईल, नायट्रोजन जाईल," भोंसुले मॅडम म्हणाल्या. "त्यांना पंख आहेत. त्यांचे वायू होतात. फॉस्फरसला पंख नाहीत. तो हवेत जातच नाही. इथल्या मातीत तो नावापुरता, म्हणजे बरोबर आणला तेवढाच आपला. भाताच्या दाण्यात, दाण्यातून आपल्यात, आपल्यातून पाण्यात, पाण्यातून परत भातात. एवढाच त्याचा फेरा, आणि तोही पाण्याच्या पाठीवर बसून."

"पाणी म्हणजे हमाल," थोपटे म्हणाले.

"हमाल खरा, पण उडताना ओझं टाकून उडणारा. वाफ होते ती नुसत्या पाण्याची. म्हणून निनाद, लक्षात घे, फॉस्फरस वसाहतीबाहेर गेलेला नाही. तो इथंच आहे. कुठंतरी पाण्यानं त्याला उतरवून ठेवलंय, आणि ते कुठं, तेवढं आपल्याला माहीत नाही."

"पाइपांत खडे धरले असतील," निनाद म्हणाला.

"सगळे उघडून पाहिले," केतकी म्हणाली. "आणि पाण्याचा मेळ तर थेंबाला थेंब लागतोय. जेवढं जातं तेवढं परत येतं. फक्त ओझं येत नाही."

हे बोलताना तिनं मॅडमच्या डोळ्यांत पाहिलं नाही, कारण तिच्या खोलीत, कुहूच्या पाळण्यामागं, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चाळलेली चांद्रमाती होती आणि त्या मातीत पानओव्याचं झुडूप होतं. कुहूला सर्दी झाली तर असावं म्हणून. खोलीत झाड लावायला सक्त मनाई होती. मऊ भात की मोकळा भात यावरून भोजनगृहात रोज जुंपायला लागली, तेव्हा मॅडमनी वैतागून प्रत्येक घराला एकेक छोटा कुकर दिला होता. अट एकच, तांदळाचं धुवण पांढऱ्या मोरीत ओतायचं, म्हणजे ते चक्रात परत जाईल. पण तांदळाचं धुवण मोरीत ओतायला केतकीचा हात धजेना. आई ओतायची नाही, आजी ओतायची नाही. धुवण झाडाला घालायचं असतं. ती ते पानओव्याला घालायची.

त्या संध्याकाळी तिनं दार लावून डब्यातली चिमूटभर माती तपासली. चांद्रमातीनं धुवणातला फॉस्फरस नुसता धरला नव्हता, गिळला होता. झाडातून पाणी वाफ होऊन हवेत जात होतं, भिंतीवर गोठून चक्रात परत येत होतं आणि ओझं डब्यात ठेवून येत होतं. म्हणजे चोर आपणच, केतकीला वाटलं. पण मग तिनं हिशेब केला, आणि तिला चक्क निराशा वाटली. सगळ्या तुटीपुढे तिचा डबा म्हणजे समुद्रात खसखशीचा दाणा.

मग बाकीचा कुठं आहे?

उत्तर कुहूनं शोधलं, रांगत.

चंद्रावरचं रांगणं म्हणजे निम्मं उडणंच. दोन्ही पाय एकदम मारायचे, मांजरीएवढी उंच उडी घ्यायची, धप्पकन आदळायचं, हसायचं, पुन्हा. दुसऱ्या दिवशी बोळातून जाताना केतकीच्या हातून ती सुटली आणि भोंसुले मॅडमच्या अर्धवट उघड्या दारातून आत गेली. केतकी मागोमाग पोचेपर्यंत ती पलंगाखालून बाहेर येत होती. गाल फुगलेले, ओठ काळे.

रांगत्या मुलाची आई दुसरा कसलाच विचार करत नाही. तिनं कुहूला पकडलं, तर्जनी गालाच्या आतून फिरवली आणि तोंडातलं सगळं तळहातावर काढलं. ओली माती, आणि तीन कोवळी पानं. तिनं ती चुरगाळून नाकाशी धरली. कढीपत्ता.

भोंसुले मॅडम न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. चेहरा वर्गात कैरी खाताना पकडलेल्या पोरीसारखा.

"केतकी," त्या म्हणाल्या, "त्याशिवाय आमटीला चव येत नाही गं."

"मॅडम, धुवण?"

"मोरीत कसं ओतणार? जीव होत नाही."

केतकी मटकन पलंगावर बसली. "मॅडम, माझ्याकडं पानओवा आहे."

"तुझ्याकडं पण?" मॅडमचा आवाज बदलला. "रोप तुला कुणी दिलं?"

"थोपट्यांनी. म्हणाले, फक्त तुम्हालाच देतोय, कुणाला बोलू नका."

"मलाही हेच म्हणाले," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांची इस्त्री मोडली. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून निघालेलं पाणी गालावर चिकटून बसलं; पदरानं खरवडून काढावं लागलं.

थोपट्यांना बोलावलं. त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "कुणाला नाही म्हणवत नाही, मॅडम. माणसं येतात, एखादं रोप द्या म्हणतात. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच."

"किती जणांना दिलंत?"

"न घेतलेला माणूस आठवून सांगतो," थोपटे म्हणाले, आणि बराच वेळ आठवत राहिले.

त्या दुपारी सोमतळाच्या मधल्या बोळात कुंड्यांची रांग लागली. बिस्किटांचे डबे, फुटकं शिरस्त्राण, एका जुन्या पंपाचं झाकण. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, दोन मोगरे, आणि डॉक्टर मुजावरांची मिरची, एवढी लगडलेली की थोपट्यांनाही हेवा वाटला. "औषधी आहे," डॉक्टर म्हणाले. कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. लोक एकमेकांची झाडं बघत फिरत होते, वास घेत होते, एकमेकांना टोमणे मारत होते. मोगऱ्याजवळ तर गर्दी झाली. वर्षानुवर्षं दाराआड वाढलेली बाग एकदम उजेडात आली होती.

मॅडमनी शिक्षा फर्मावली. सगळ्या कुंड्या हिरव्या मजल्यावर, थोपट्यांच्या ताब्यात. ज्याला पान हवं त्यानं मागून न्यावं. मातीतला फॉस्फरस धुऊन भाताला द्यावा. आणि आजचं जेवण एकत्र, फोडणीला सगळ्यांचा कढीपत्ता. भात मऊ की मोकळा यावरून पुन्हा थोडी जुंपलीच, पण ती ओढूनताणून.

महिन्याभरात भाताची नवी पानं गर्द हिरवी आली. आता तूट शून्य व्हायला हवी होती.

झाली नाही. अगदी थोडी, चिमटीत मावेल एवढी, पण दर आठवड्याला येतच राहिली.

"कुणीतरी अजून एक कुंडी लपवलीय," मॅडमनी जेवताना जाहीर केलं. सगळ्यांनी थोपट्यांकडं पाहिलं. त्यांनी गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. खोल्या पाहिल्या, पलंगांखाली पाहिलं. काही सापडलं नाही. यान परत जायला थोडेच दिवस उरले होते. केतकीनं दोन पिशव्या भरायला घेतल्या होत्या. कुहूचं झबलं घडी करायची आणि परत उलगडायची. निनाद खाणीवरून येऊन त्या पिशव्यांकडं पाहायचा नाही.

कामात मन घालायचं म्हणून तिनं समतोलाकडून मागच्या दीड वर्षाची तूट मागवली, प्रत्येक कुंडीचा वाटा त्यातून वजा केला, आणि उरलेल्या चिमटीची रेघ पडद्यावर काढली. रेघ हळूहळू चढत होती. मध्ये एका जागी मात्र ती खड्ड्यात पडल्यासारखी खाली आली होती. एका आठवड्यात तूट जवळजवळ नव्हतीच.

केतकी त्या खड्ड्याकडं पाहत राहिली. दुसऱ्या कुणाला तो आठवडा काहीच सांगून गेला नसता. तिला तो तासातासानं आठवत होता. त्या आठवड्यात कुहू तापानं फणफणली होती. दूध टाकलं होतं, पेज टाकली होती.

ती पळत सुटली. चंद्रावर पळणाऱ्या माणसाला थांबणं जमत नाही. डॉक्टरांच्या टेबलाला धडकूनच ती थांबली. भोंसुले मॅडम तिथंच बसल्या होत्या.

"डॉक्टर, समतोल माणसाला काय समजतो?"

"काय समजणार? नळी. वरून घातलं, खालून आलं."

"बरोबर आहे ते," मॅडम म्हणाल्या. "मोठं माणूस जेवढा फॉस्फरस खातं तेवढा बाहेर टाकतं. शिल्लक काही राहत नाही."

"मोठं माणूस," केतकी म्हणाली.

डॉक्टर उठून उभे राहिले.

"पाणी कुहूतूनही जातं," केतकी म्हणाली. "दुधातून आत, लंगोटातून बाहेर, सगळं मोजलेलं. पाण्याचा मेळ लागतोय. ओझं मात्र ते तिच्यात उतरवून येतंय. कुंडीत उतरवायचं तसंच."

केतकीनं डॉक्टरांच्या पडद्यावर ती रेघ आणून तापाच्या आठवड्यातला खड्डा दाखवला; मॅडम रेघ निरखत होत्या. सहजासहजी मानणारी ही बाई नव्हती. "थांब. ही रेघ सुरू होते ती कुहूच्या जन्माआधी दोन-तीन महिने. तेव्हा कुहू कुठं होती?"

डॉक्टरांनी घसा खाकरला. "मॅडम, तेव्हाही ती वसाहतीतच होती. फक्त खोली वेगळी होती."

मॅडमनी बोटांवर महिने मोजले. मग विचारलं, "आणि तो केतकीच्या हाडांत साठत नसेल कशावरून?"

"ताईंची हाडं मी गेल्या आठवड्यात मोजलीत. होती तेवढीच आहेत. त्यांनी स्वतःचं काही दिलं नाही, काही ठेवलंही नाही. जेवणातलं सगळं पोरीला पोचवलं." डॉक्टर बोलता बोलता आकडे मांडत होते. "मांसात थोडा असतो, तो वजनावरून काढता येईल. उरला तो हाडांत. त्याला दुसरी जागाच नाही. उडून जात नाही ना तो?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला पंख नाहीत."

डॉक्टरांनी आकडा काढला, पृथ्वीवरच्या दहा-अकरा महिन्यांच्या मुलांच्या आकड्याशेजारी ठेवला, पुसला आणि पुन्हा काढला. दोन्ही वेळा तोच आला.

"जेवढा हवा तेवढा आहे. केसभर जास्तच."

"जास्त कसा?" केतकीनं विचारलं. चांगली बातमीसुद्धा ती उलटीपालटी करून बघितल्याशिवाय घेत नसे. "इथं तर भारच नाही."

त्याच वेळी बोळातून आवाज आला. धप्प. हसू. धप्प. निनाद कुहूला घेऊन येत होता, म्हणजे कुहू उड्या मारत येत होती आणि तो मागं होता.

"ऐका," डॉक्टर म्हणाले. "वजन सहावा हिस्सा, पण उडी किती उंच. पृथ्वीवरचं कुठलं पोर दिवसभर एवढं आदळतं? आपण पट्टे बांधून रडत रडत धावतो. हिचा व्यायाम हिनं स्वतःच शोधलाय."

केतकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. निनादला वाटलं काही वाईट घडलं. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि ते सांगताना ती हसत होती की रडत होती हे कुणालाच कळलं नाही, कारण पाणी डोळ्यांतच थबकून राहिलं होतं.

समितीनं हिशेब दोनदा तपासला. उत्तर आलं त्यात एकच अट होती. दर आठवड्याची तूट कळवत जावी.

यान निघालं ते त्या दोघींना न घेता. तेव्हापासून सोमतळात एक विचित्र रिवाज पडला. रविवारी सकाळी भोजनगृहात माणसं चहा घेता घेता विचारायची, "तूट आहे ना?" मॅडम आकडा वाचायच्या, तूट भरघोस असली की शिरा व्हायचा, आणि कमी भरली तर सगळी वसाहत कुहूच्या मागं पेजेची वाटी घेऊन फिरायची. हिरव्या मजल्यावर थोपट्यांनी प्रत्येक कुंडीवर मालकाच्या नावाची पट्टी लावली होती. रांगेच्या शेवटी त्यांनी एक जागा मोकळी ठेवून नुसतीच पट्टी चिकटवली, 'कुहू'.

त्याच जागेपाशी एका रविवारी कुहू उभी राहिली. मॅडमच्या कढीपत्त्याला धरून, स्वतःच्या पायांवर. केतकी धावली, पण उशीर झाला होता. गाल फुगलेले, ओठ काळे. तिनं सवयीनं तर्जनी आत घातली आणि ओरडून बाहेर काढली.

"काय झालं?" डॉक्टर मिरच्या तोडायच्या थांबले.

"चावली." केतकी बोटाकडं पाहत होती. बोटावर एक बारीकशी लाल रेघ उमटली होती. "डॉक्टर, दात आहे."

सगळे वाकले. कुहूनं एवढी तोंडं एकदम जवळ आलेली पाहून आ केला. हिरडीत तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी चमकत होतं.

"खालचा की वरचा?" थोपट्यांनी घाईनं विचारलं. वरचा दात आधी आला तर मामाला जड जातो, हे ते जुन्नरहून बरोबर घेऊन आले होते.

"खालचा."

"मामा वाचला."

भोंसुले मॅडम चष्मा सावरून अजून वाकूनच पाहत होत्या. "केतकी, हा हिशेबात धरलाय ना?"

"पहिल्या दिवसापासून," केतकी म्हणाली.

"आणि तोंडात माती आहे तिच्या. काढ की ती."

केतकीनं दुखरं बोट पदरात गुंडाळलं. कुहूनं मातीसकट आईकडं पाहून एक उडी मारली, उंच, आणि दोन्ही पायांवर धप्पकन उतरली.

"काढते," केतकी म्हणाली, "घाई काय आहे? कुठं जाणार आहे?"